कानाशीं आलेलें गाणें

नागपूरचें आकाशवाणी केंद्र ता. १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. त्या वेळीं नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या प्रांताची राजधानी होती. रेडिओ ही वस्तु शहराला अगदींच अपरिचित राहिली नव्हती. परंतु तिचें वास्तव्य बहुधा सधन मंडळींच्या दिवाणखान्यांत असे. केंद्र गांवांतच आल्यामुळें जी एक गोष्ट शक्य झाली, तिचा उल्लेख उद्‌घाटनाच्या वृत्तांतांतून सहसा आढळत नाहीं. ती ही कीं, विजेवांचून व बॅटरीवांचून चालणारा, शाळकरी मुलालाही घरीं जुळवतां येणारा स्फटिक-संच नागपुरांत आतां खऱ्या अर्थानें कामाचा झाला. ह्या संचाला कर्णा नसे. त्यांतून निघणारा आवाज इतका क्षीण असे कीं तो ऐकावयाचा तर हेडफोन कानाला लावूनच ऐकावा लागे.

हल्लीं सीताबर्डीच्या बाजारांत, मोदी नंबराच्या गल्ल्यांतून टांगलेल्या इअरफोनांच्या माळा पाहिल्या म्हणजे त्या जड, काळ्या हेडफोनाचें आणि ह्या मण्यांएवढ्या वस्तूंचें गोत्र एकच आहे हें कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं. खिशांत हजार-बाराशें रुपये घेऊन एखादा विद्यार्थी तेथें उभा राहतो. दुकानदार एकामागून एक डब्या पुढें करतो. प्रत्येक डबीवर मोठमोठे आंकडे छापलेले असतात आणि प्रत्येक डबींतील वस्तु सर्वांत उत्तम असल्याची ग्वाही डबीच देत असते. त्या मुलाचे हजार रुपये महिन्याच्या खानावळींतून काटकसरीनें वांचविलेले असतात. ते वायां जाणें ही एक हानि. परंतु भलतीच वस्तु घेऊन ती रोज चढ्या आवाजांत कानांत घालणें ही दुसरी हानि होय, आणि ती मात्र पुढें भरून येत नाहीं. म्हणून ह्या चिमुकल्या वस्तूची कुळकथा पाहणें हें नुसतें कुतूहलाचें काम नव्हे.

दूरचें गाणें कानाशीं आणून ऐकण्याची हौस रेडिओहूनही जुनी आहे. १८८१ सालीं पॅरिस येथें विजेचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्यांत क्लेमां आदेर ह्या फ्रेंच यंत्रज्ञानें ऑपेरागृहांतील गायन टेलिफोनच्या तारांनीं प्रदर्शनाच्या दालनांत आणलें. ऐकणारा दोन्ही कानांना दोन निरनिराळे टेलिफोन लावी. त्यामुळें गाणारें पात्र रंगभूमीवर डावीकडून उजवीकडे सरकलें तर तेंही डोळे मिटून कळे. पुढें १८८९ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें एका उपाहारगृहांत फोनोग्राफ ठेवण्यांत आला; त्याच्या फटींत नाणें टाकावें, नळीचें टोंक कानाशीं धरावें आणि एक गाणें ऐकावें, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे सार्वजनिक जागेंत उभें राहून खासगी गाणें ऐकण्याचा प्रकार सव्वाशें वर्षांहून अधिक जुना आहे. आजच्या तरुणांना ह्याबद्दल दोष देणाऱ्या वडील मंडळींनीं ही तारीख लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

कानाच्या छिद्रांत बसणाऱ्या इअरफोनाचा मूळपुरुष मात्र एर्नेस्त मर्काद्ये हा फ्रेंच मनुष्य होय. १८९१ सालीं त्यानें ‘द्वि-टेलिफोन’ नांवाच्या साधनाचें अमेरिकन पेटंट मिळविलें. तें टेलिफोन-कचेरींतील कामगारांकरितां होतें. वजन पावणेदोन औंसांहून कमी, म्हणजे पन्नास ग्रॅमांच्या आंत. आणि छिद्राला घर्षण होऊं नये म्हणून टोंकांवर रबराचें आवरण. आज पन्नास रुपयांच्या इअरफोनावरही जी रबरी टोपी दिसते, तिची कल्पना इतकी जुनी आहे. तथापि मर्काद्येचें साधन संगीताच्या कामीं आलें नाहीं. काळ त्याच्या मागें होता.

डोक्यावर पट्टा व दोन्ही कानांवर पेल्या, हें हेडफोनाचें परिचित रूप रूढ करण्याचें श्रेय अमेरिकेंतील युटा प्रांताच्या नॅथॅनिअल बाल्डविन ह्याला देतात. १९१० च्या सुमारास तो आपल्या घराच्या स्वयंपाकघरांत हेडफोन तयार करी. अमेरिकन आरमारानें ते तपासले, पसंत केले आणि एकदम शंभर जोड मागविले. तेव्हां एका वेळीं दहांहून अधिक करतां येत नाहींत असें त्यास कळवावें लागलें. त्याच्या रचनेंत एक लोखंडी पट्टी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें तोलून धरलेली असे आणि तिची हालचाल अभ्रकाच्या पडद्याला जोडलेली असे. अत्यल्प विद्युत्प्रवाहावरही ही पट्टी हाले, हा तिचा मोठा गुण होता. चमत्कार असा कीं, हीच तोललेल्या पट्टीची रचना पुढें बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत गेली, आणि १९९१ सालीं निघालेल्या एटिमॉटिक ईआर-४ ह्या इअरफोनापासून संगीतवेड्यांच्या कानांतही आली. स्वयंपाकघरांतील ही युक्ति आज हजारों रुपयांच्या इअरफोनांत ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ ह्या भारदस्त नांवाखालीं विकली जाते.

ह्या इतिहासांत हिंदुस्थानचाही वांटा आहे, आणि तो लहान नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं गॅलिना ह्या शिशाच्या खनिजाचा स्फटिक विद्युत्-लहरी ओळखण्यास वापरला. १९०१ सालीं केलेल्या अर्जावर १९०४ सालीं त्यांस अमेरिकेचें पेटंट मिळालें. तोच स्फटिक पुढें गरिबाच्या रेडिओचें हृदय झाला. स्फटिकाच्या पृष्ठावर बारीक तारेचें टोंक हलकेंच टेकवावें, योग्य बिंदु सांपडेपर्यंत चांचपडत राहावें, आणि सांपडला म्हणजे श्वास रोखून बसावें, कारण टेबलाला धक्का लागला कीं गाणें नाहींसें होई.

मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें उघडलें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती आणि खात्रीनें ऐकूं येण्याची मर्यादा सुमारें तीस मैल. ऐकण्याच्या परवान्यास वर्षाला दहा रुपये पडत. मुंबईच्या गिरगांवांत स्फटिक-संचावर भागत असेल; पण नागपूर तेथून चारशें मैलांहून अधिक दूर. येथल्या मनुष्याला दिवसा मुंबई ऐकावयाची तर त्याला अनेक नळ्यांचा महाग संच, घरावर उंच बांधलेली एरियल, आणि विजेची अगर बॅटरीची तजवीज हवी. कंपनी १९३० सालीं बुडाली, सरकारनें प्रक्षेपण हातीं घेतलें, १९३६ सालीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव पडलें, १९३८ सालीं मुंबईचें लघुलहरींचें प्रक्षेपण सुरू झालें. लघुलहरींमुळें अंतराचा प्रश्न सुटला. पैशाचा सुटला नाहीं. तो नागपुरापुरता कांहीं अंशीं सुटला तो १९४८ सालीं.

स्फटिक-संचाला वीज लागत नाहीं ह्याचा अर्थ असा कीं, हेडफोनाचा पडदा हलविणारी सारी शक्ति केंद्राच्या लहरींतूनच यावयाची. ती इतकी थोडी असते कीं तिचा कण न् कण उपयोगांत आणावा लागतो. म्हणून जुन्या हेडफोनांत केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे असत आणि त्यांचा रोध जोडीमागें बहुधा दोन ते चार हजार ओम असे. आजच्या इअरफोनाच्या डबीवर सोळा किंवा बत्तीस ओम लिहिलेले असतात. हा केवळ आंकड्यांतील फरक नव्हे. पूर्वींचें साधन दुबळ्या मालकाच्या घरीं राबणारें होतें. आजच्या साधनामागें बॅटरी आणि प्रवर्धक सदैव उभे असतात. दुसराही भेद आहे. स्फटिक-संचानें कोणाचा कान बिघडला असें होणें शक्य नव्हतें, कारण तेवढा आवाज त्याच्या अंगींच नव्हता. आजच्या बोटभर इअरफोनांतून शंभर डेसिबलांच्या वर आवाज सहज निघतो.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या अखेरीस लागला आणि १९५४ सालीं अमेरिकेंत पहिला खिशांतला रेडिओ बाजारांत आला. अशा रेडिओबरोबर एका कानाचा लहानसा इअरफोन मिळूं लागला. त्यांतील एक स्वस्त जात रोशेल मिठाच्या स्फटिकाची होती. विजेच्या दाबानें हा स्फटिक वांकतो व पडद्याला हालवितो. नागपूरच्या दृष्टीनें त्यांत एक खोडी होती. हें मीठ पंचावन्न अंश सेल्सिअसच्या आसपास नासतें, आणि येथल्या वैशाखांत खिडकींत उन्हाखालीं ठेवलेली वस्तु तेवढी तापण्यास वेळ लागत नाहीं. ऑक्टोबर १९६९ मध्यें सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर नागपूरचा पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडनें तो १६७ धावांनीं जिंकला, त्या काळापर्यंत क्रिकेटचें धावतें वर्णन ऐकण्याचें साधन म्हणून ट्रान्झिस्टर देशभर रुळला होता. एका कानांत वर्णन आणि दुसरा कान साहेबांच्या घंटेकडे, अशी कचेऱ्यांतील ती स्थिति होती. संगीताला मात्र ह्या एककानी इअरफोनानें न्याय दिला नाहीं. त्यांतून सतारही पत्र्याच्या डब्यासारखी वाजे.

संगीतासाठीं हेडफोन ही कल्पना अमेरिकेंतील जॉन कॉस ह्यानें १९५८ सालीं दोन कानांचा स्टिरिओ हेडफोन काढून रुजविली. त्या पुढची मोठी पायरी १ जुलै १९७९ ची. त्या दिवशीं जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला, आणि त्यासोबतचा हेडफोन पन्नास ग्रॅमांच्या आसपास होता. मर्काद्येचें वजन पुन्हा गांठण्यास नव्वद वर्षें लागलीं! हिंदुस्थानांत १९८० नंतर कॅसेटी स्वस्त झाल्या आणि अभंग, नाट्यगीतें, कव्वाल्या, सिनेमाचीं गाणीं ज्याच्या त्याच्या हातीं आलीं. मागाहून मोबाइल फोन आले. त्यांतील एफ.एम. रेडिओ ऐकावयाचा तर इअरफोन जोडावाच लागे, कारण इअरफोनाची तारच एरियलचें काम करी. घरावरील बांबूला बांधलेली एरियल अशा रीतीनें ऐकणाऱ्याच्या गळ्याशीं लोंबूं लागली.

२०१६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत दोन गोष्टी एका आठवड्यांत घडल्या. ५ तारखेस जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें आणि गाण्यांचें भांडार प्रत्येक खिशांत आलें. ७ तारखेस ॲपल कंपनीनें आपल्या नव्या फोनांतून इअरफोनाचें भोंकच काढून टाकलें व बिनतारी इअरबड पुढें केले. पुढें इतरांनींही तोच मार्ग धरला. एकानें गाणें स्वस्त केलें आणि दुसऱ्यानें तें ऐकण्याचें साधन गुंतागुंतीचें केलें. सीताबर्डीच्या दुकानांतील विद्यार्थ्याच्या गोंधळाचा उगम येथें आहे.

आतां त्याच्या निवडीकडे वळावयाचें. त्याला पहिली भीति ही वाटते कीं, चांगलें तें महागच असणार. ह्या भीतीचा निरास एका शास्त्रीय पाहणीनें झालेला आहे. येरून ब्रेबार्ट ह्या संशोधकानें २८३ हेडफोन व इअरफोन यंत्रावर मोजले आणि २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, स्वरांच्या उंच-नीच प्रमाणाचा आणि किंमतीचा परस्पर संबंध आढळत नाहीं. महाग वस्तूचें बांधकाम चांगलें असेल, तार मजबूत असेल, डबी तर निश्चितच सुंदर असेल. पण ती गाणें अधिक खरें ऐकवील असें किंमतीवरून ठरवितां येत नाहीं. दरिद्री रसिकाला ह्याहून शुभ वार्ता कोणती असूं शकेल?

डबीवरील ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आंकडाही त्यानें मनावर घेऊं नये. मनुष्याचा कान जेवढें ऐकतो तेवढें सारें आपलें साधन वाजवितें, एवढाच त्याचा अर्थ. कोणता स्वर किती जोरानें वाजवितें हें त्यांत सांगितलेलें नसतें, आणि मर्म तर तेथेंच आहे. कर्णनलिका सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते व एका टोंकास पडद्यानें बंद असते. त्यामुळें तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे ध्वनि ती आपोआप वाढविते. इअरफोन छिद्रांत बसला कीं ही नैसर्गिक वाढ बिघडते. चांगला कारागीर ती इअरफोनांतच भरून काढतो; वाईट कारागीर तेथें अति करतो, आणि मग लतादीदींचा तार षड्‌जही सुईसारखा टोंचूं लागतो.

खालच्या स्वरांचें गणित निराळें आहे. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्‌ज सुमारें १३८ हर्ट्झचा, तर त्याच्या तंबोऱ्यावरील खर्ज सुमारें ६९ हर्ट्झचा. इअरफोन छिद्रांत घट्ट न बसतां थोडी जरी फट राहिली, तरी हा खर्जाचा प्रदेश बहुतांशीं नाहींसा होतो. गंमत ही कीं ऐकणाऱ्याला चोरी झाल्याचें कळतही नाहीं; वरचे उपस्वर ऐकून मन मूळ स्वराची भरती आपणच करून घेतें, आणि तंबोरा केवळ बारीक झाल्यासारखा वाटतो. पुष्कळ लोक अशा वेळीं ‘ह्यांत खर्ज नाहीं’ म्हणून इअरफोन परत करतात आणि खर्जाची भरमसाट वाढ केलेला दुसरा विकत घेतात. दोष बहुधा टोपीच्या मापाचा असतो.

दुकानांत वाजविलें जाणारें ढोल-ताशांचें गाणें परीक्षेस निरुपयोगी होय. त्यांत कोणतेंही साधन शूर वाटतें. ज्या ध्वनिमुद्रणाशीं पूर्वींपासून ओळख आहे असें एखादें ख्यालाचें मुद्रण फोनमध्यें घेऊन जावें. आरंभींचा नुसता तंबोरा ऐकावा. जवारीचा झणकार उलगडत जाणारा ऐकूं येतो कीं एकसुरी गुणगुण येते? डग्ग्याची घुमक बोटाच्या दाबाबरोबर वर चढते कीं एकाच ठिकाणीं बद्‌बद् करते? गायकाचें ‘स’कारयुक्त अक्षर कानाला बोचतें काय? ह्या तीन प्रश्नांना पांच मिनिटें पुरतात. दुकानदार कानांत घालूं देत नसेल तर स्वच्छतेच्या दृष्टीनें त्याचा तो आग्रह योग्यच आहे. मात्र आपल्या जवळच्या नव्या टोप्या चढवून ऐकतो असें म्हटल्यास समजूतदार दुकानदार सहसा नाहीं म्हणत नाहीं.

तार कीं बिनतार, हा वाद हल्लीं घरोघरीं ऐकूं येतो. थोड्या पैशांत गाणें हाच हेतु असेल तर तारेची बाजू बळकट आहे. बिनतारी इअरबडच्या किंमतींत ग्राहक दोन बॅटऱ्या, डबींतली तिसरी बॅटरी आणि बिनतारी यंत्रणा ह्यांचे पैसे देतो. उरलेल्या पैशांत ध्वनि. शिवाय त्या हरभऱ्याएवढ्या बॅटऱ्या कांहीं वर्षांत थकतात आणि सहसा बदलतां येत नाहींत. नागपुरांत मे २०१३ मध्यें पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि असल्या बॅटरीचें आयुष्य खाणारा उष्णतेसारखा शत्रु दुसरा नाहीं. तारेच्या इअरफोनाचें मरण बहुधा पिनेपाशीं किंवा कानाजवळच्या वळणावर ठरलेलें असतें. म्हणून ज्याची तार काढून दुसरी लावतां येते असा इअरफोन हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळाल्यास तो पसंत करावा. ज्याच्या फोनाला गोल पिनेचें भोंक नाहीं, त्यानें टाइप-सी पिनेचा इअरफोन आपल्याच फोनांत घालून तो वाजतो कीं नाहीं हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें. सर्वच पिना सर्व फोनांत बोलत नाहींत. धांवणाऱ्याला, किंवा घाम पुसतां पुसतां शिकवणीला सायकलनें जाणाऱ्याला तारेचा जाच होतो हेंही खरें, आणि त्यानें बिनतारी घेतल्यास त्याला कंजूष इतिहासकारानें हंसूं नये.

राहिला आवाजाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, जगांतील सुमारें एकशें दहा कोटी तरुणांची श्रवणशक्ति मोठ्या आवाजाच्या संवयीमुळें धोक्यांत आहे. तिनेंच २०१९ सालीं एक माप घालून दिलें: ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास. त्यापुढें आवाज दर तीन डेसिबलांनीं वाढला कीं ऐकण्याचे तास निम्मे करावयाचे. त्र्याऐंशीला वीस तास, शहाऐंशीला दहा, एकोणनव्वदला पांच, आणि ब्याण्णवला आठवड्याला केवळ अडीच. आवाजाची पट्टी बोटानें किंचित् वर सरकविली तर तासांचा हिशेब असा कोसळतो. आंतर्कर्णांतील ज्या सूक्ष्म रोमपेशी ध्वनीचें ग्रहण करतात त्या एकदां मेल्या म्हणजे मनुष्याच्या देहांत पुन्हा उगवत नाहींत.

येथेंच टोपीच्या मापाला दुसरें महत्त्व येतें. छिद्र नीट बंद करणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवितो, आणि मग गाणें हलक्या आवाजांतही पुरतें. सैल इअरफोन घालून वर्धा रस्त्यानें ऑटोंतून जाणारा मनुष्य गाण्याला रहदारीवर मात करावयास लावतो. आणि त्या झटापटींत मार बसतो तो त्याच्या कानाला. घट्ट बसणाऱ्या इअरफोनाचा धोका निराळा: पायीं चालतांना मागून येणारी मोटार ऐकूं येत नाहीं. रस्त्यावर एक कान मोकळा सोडावा, किंवा मेट्रोच्या डब्यांत बसेपर्यंत गाण्यानें वाट पाहावी.

बहुतेक इअरफोनांच्या डबींत लहान, मध्यम व मोठ्या अशा टोप्यांच्या तीन जोड्या असतात. मध्यम माप कारखान्यांतूनच चढवून येतें आणि बाकीच्या दोन जोड्या पुष्कळ घरीं डबीसह केरांत जातात. पुष्कळांचे दोन कान एका मापाचे नसतात. उजव्याला मध्यम आणि डाव्याला लहान टोपी लागणें ह्यांत नवल नाहीं. टोपी बदलून, जबडा दोनदां हालवून, तोच तंबोरा पुन्हा ऐकावा. खर्ज एकदम पुढें आला कीं माप जमलें. उरलेल्या टोप्या कागदाच्या पुडींत बांधून ठेवाव्या. वर्षभरानें चढविलेल्या टोप्या कडक होऊन फाटतात, तेव्हां त्या शोधाव्या लागतात.